मॅडमनी मान सोडली नाही

लातूर सोडून आम्ही भूगावला राहायला आलो तेव्हा मी नववीत होते. वडिलांना हिंजवडीतल्या एका कंपनीत हिशेबाचं काम मिळालं होतं. जून अर्धा उलटून गेलेला, आसपासच्या शाळांचे वर्ग भरलेले. शेवटी पौडच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या हायस्कुलात जागा मिळाली. सकाळी भूगावच्या थांब्यावर एसटी धरायची, गावच्या कमानीपाशी उतरायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं, असं सुरू झालं.

मी भित्री होते. लिफ्टमध्ये एकटी जायचे नाही, कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचे, हजेरी देतानाही माझा आवाज घशाबाहेर येत नसे. घरी हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आई पाहुण्यांना सांगायची, "आमची लेक फार गरीब आहे." गरीब म्हणजे भित्री, एवढं मला समजत होतं.

शाळेतल्या खेळाच्या मॅडमना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांनाही घाबरले. बुटक्या, सावळ्या, ट्रॅकपँटवर लांब कुडता, गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी. मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वस्ती होती. घरची मेंढरं-शेरडं होती, थोडी भातशेती होती. वस्तीवरून शिकून नोकरीला लागलेल्या त्या पहिल्याच. वर्गात कवायतीचे हुकूम त्या पुस्तकी मराठीत द्यायच्या, पण मैदानावर पाय पडला की त्यांची भाषा बदलायची.

त्यांनी मला रांगेतून बाहेर काढलं.

"तू. लातूरवाली. हात पुढं कर."

मी हात पुढे केले. बाजारात शेळी पारखावी तसं त्यांनी मला वरून खाली पाहिलं.

"हात लांब हायेत. पाय बी लांब हायेत. शाळा सुटली की मैदानावर थांबायचं."

"मॅडम, मला कबड्डी येत नाही."

"येत असती तर शिकवायला मी कशाला पायजे होते?"

पहिले कितीतरी दिवस त्यांनी आम्हाला कबड्डी खेळूच दिली नाही. मैदानाच्या कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याचा जाड थर अंथरलेला असायचा, त्यावर आम्ही नुसत्या पडायचो. पुढे पडायचं, कुशीवर पडायचं, कुणीतरी कमरेला धरून ओढायचं आणि मागे पडायचं. "हनुवटी छातीला लाव. हात खाली टेकू नको, मोडंल. अंग गोल कर." गावातल्या मुली हसत पडायच्या. त्या लहानपणापासून बांधावरून, झाडावरून, गाडीवरून पडत आल्या होत्या. मला ते नवं होतं. पायाखालची जमीन सुटली की एक क्षण असा यायचा, ज्यात आपण कुणाचेच नसतो. त्या क्षणाची मला सवय होईना.

चढाई शिकताना तर माझे पाय मध्यरेषेपाशी थांबायचे. पलीकडे सात जणी वाकून, हात पसरून माझी वाट बघत असायच्या. "कबड्डी कबड्डी" म्हणायला तोंड उघडावं तर डासाच्या गुणगुणीएवढा आवाज. मॅडम बाहेरून सांगायच्या, "भ्यायचं तर भी. पण आवाज बारीक करू नको. तुझा आवाज ऐकूनच त्यांना कळतं, कुटं धरायचं ते."

मी हळूहळू जमवत गेले. भीती गेली नाही, पण तिच्यासकट रेषा ओलांडता येऊ लागली. हात खरंच लांब होते. दुरून बोट लावून परत यायचे. डिसेंबरात तालुक्याच्या शालेय स्पर्धेला मॅडमनी मला संघात घेतलं, तेव्हा घरी कुणाचा विश्वास बसेना. वडिलांनी विचारलं, "कबड्डीच ना? तीच, ज्यात सगळे अंगावर पडतात?"

स्पर्धा दुसऱ्या एका गावातल्या शाळेच्या मैदानावर होती. भात काढून झालेलं, चहूकडे खाचरांत नुसते कापलेले बुडखे. मैदान मातीचं होतं, सकाळी पाणी मारून दाबलेलं. लोक गोल करून उभे होते, काही शाळेच्या भिंतीवर बसले होते. आमचा दुसरा सामना दुपारी लागला.

मी चढाईला गेले. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीला पायाने स्पर्श करायचा म्हणून पाय लांबवला आणि तिने घोटा धरला. त्यात चूक काही नव्हती, तिची पकड चांगली होती. मी मागे ओढ घेतली. तेवढ्यात मधल्या दोघी हात गुंफून आल्या आणि कमरेला धडकल्या. घोटा एकीकडे, कंबर दुसरीकडे. माझे पाय जमिनीवरून सुटले आणि डोकं खाली आलं. हनुवटी छातीला लावायची, हे मला आठवलं. लावता आली की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

आवाज मला ऐकू आला नाही. बघणाऱ्या मुलींनी नंतर सांगितलं की आला होता.

मी आभाळाकडे बघत होते. वर एक घार फिरत होती. तोंडात माती होती आणि ती थुंकावी असं वाटत होतं, पण तोंड वळत नव्हतं. विचित्र गोष्ट म्हणजे माझे पाय हवेत आहेत असं मला वाटत होतं. गुडघ्यात वाकलेले, कुणीतरी धरलेले, अजून पडायचे राहिलेले. ते खाली कधी येतील याची मी वाट बघत होते. मग एका मुलीचं बोलणं कानावर आलं. "अगं, हिचे पाय बघ कसे पसरलेत." तेव्हा मला कळलं की पाय केव्हाच खाली आले आहेत आणि मला त्याची खबर नाही.

इतकी भीती मी आधी कधी अनुभवली नव्हती. कुत्र्याची, लिफ्टची, अंधाराची भीती ही सगळी बाहेरून येणारी. तिच्यापासून पळता येतं. ही आत होती आणि पळायचं ज्याने, तेच कुठे आहे ते सापडत नव्हतं.

दोन्ही कानांवर दोन हात आले. घट्ट, खरखरीत. वर मॅडमचा चेहरा दिसला, उलटा. माझ्या डोक्यामागे त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि कोपरं त्यांनी मातीत रोवली होती.

"हलू नको. मान हलवायची न्हाई. व्हय म्हणायला बी हलवायची न्हाई. तोंडानं बोल. ऐकू येतंय?"

"हो."

"श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"घेत ऱ्हा."

तोवर गर्दी आत आली होती. मला माणसं दिसत नव्हती, फक्त आवाज आणि कडेने पायताणं दिसत होती. कुणी म्हणालं पाणी मारा. कुणी म्हणालं कांदा हुंगवा. एक जड आवाजाचा माणूस म्हणाला, "बघत काय बसलाय? उचला तिला. माझी जीप हाय, पौडला नेऊ." कुणीतरी खाली बसून माझे पाय चोळायला लागलं असावं, कारण मॅडम एकदम ओरडल्या, "पायाला हात लावू नका. कुणीबी हात लावायचा न्हाई."

"अवो मॅडम, पोरगी जाईल ना हितंच."

ते मी ऐकलं. माझ्याबद्दलच बोलणं चाललं होतं.

"गाडी बोलावलीया. ती येईस्तवर हलवायची न्हाई," मॅडम म्हणाल्या.

"ॲम्ब्युलन्स घाटात गेली असंल तर कवा यायची? तोवर काय करायचं?"

"तोवर मी हितं बसते."

जीपवाला बराच वेळ बोलत राहिला. त्याचा हेतू वाईट नव्हता, तो घाबरला होता. सगळेच घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसांना काहीतरी करायचं असतं. काही न करता एका जागी बसणं त्यांना सोसवत नव्हतं. आमच्या शाळेचे एक सर वाकून मला म्हणाले, "काही झालेलं नाही बाळा, जरा मुका मार आहे. पाच मिनिटांत उठून बसशील." ते दिलासा देत होते. पण त्यांचा आवाज कापत होता आणि त्यांच्या शब्दाबरोबर माझी भीती दुप्पट झाली. ते सरकल्यावर मी विचारलं, "मॅडम, माझे पाय आहेत का?"

"हायेत. मला दिसतायत."

"मला हलवता येत नाहीयेत."

"व्हय. आत्ता न्हाई येत."

"नंतर येतील?"

 त्यांचा घाम माझ्या कपाळावर टपकला.

"ते मला माहीत न्हाई," त्या म्हणाल्या. "डॉक्टर बघतील. पण गाडी येईस्तवर मी तुझी मान सोडणार न्हाई. हे मला माहीत हाय."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रड. पण हुंदके देऊ नको, मान हलती." त्यामुळे मी नुसतं डोळ्यांतून पाणी गाळत पडून राहिले. ते कानात जात होतं आणि मॅडमच्या हातांखाली चिकट होत होतं.

का कोण जाणे, त्या 'माहीत न्हाई'नंतर श्वास जरा नीट येऊ लागला. बाकी सगळे माझ्यापासून काहीतरी लपवत होते. मॅडमनी जेवढं होतं तेवढं समोर ठेवलं होतं. त्यामुळे मान सोडणार नाही म्हणाल्या, तेही खरं असणार असं मला वाटलं. धरायला तेवढं एकच खरं होतं.

ऊन डोळ्यांवर येऊ लागलं. संघातल्या मुलींनी ओढण्या जोडून माझ्यावर सावली धरली. त्यांचे हात भरून यायचे, मग त्या जागा बदलायच्या. मॅडमची जागा घ्यायला आमच्या कप्तान मुलीने विचारलं, तर त्यांनी नकार दिला. "हात बदलताना हललं तर?" त्यांच्या मनगटावर मुंग्या चढलेल्या मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्या. तांबड्या, चावऱ्या. कप्तानाने त्या टिपून काढल्या. मॅडमनी तिकडे पाहिलंही नाही.

रुग्णवाहिकेच्या आधी माझे वडील पोहोचले. शाळेतून फोन गेला होता आणि ते ऑफिसातून स्कूटरवर तसेच निघाले होते. गर्दीतून वाट काढत येतानाचा त्यांचा आवाज मी ओळखला. ते कधी मोठ्याने बोलत नसत. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून थेट गावाकडची बोली आली.

"काय करलालाव तुम्ही? लेकराला असं उन्हात टाकून? उचला की!"

ते वाकले आणि माझ्या खांद्याखाली हात घालू लागले. तो हात आला हे मला कळलं, कारण खांद्यापर्यंत मला समजत होतं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. "तुमी तिचे वडील हायसा. तुमी सांगाल तसं करावं लागंल मला. पण आधी ऐकून घ्या. तिच्या मानेला लागलंय. पाय हलत न्हाईत. उचलताना मान वाकली तर आतलं काय तुटंल ते सांगता येत न्हाई."

"तुम्हाला खात्री आहे का?"

"न्हाई. प्रशिक्षणात एकदा शिकवलं होतं, तेवढंच. खात्री न्हाई. पण उचललं आणि चुकलं, तर परत ठेवता येणार न्हाई. न उचलता थांबलो तर निदान हाय तेवढं तरी ऱ्हाईल."

जीपवाला मागून म्हणाला, "साहेब, तुमी बोला, दोन मिंटात गाडीत घालतो."

मला वडिलांचे फक्त बूट दिसत होते. ऑफिसचे काळे बूट, त्यांवर मैदानाची माती. ते बूट हलले नाहीत. मला मनातून ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडावं ते कळत नव्हतं. उचला म्हणावं की नको म्हणावं? पोटच्या पोरीला मातीत पडलेलं बघून नुसतं उभं राहायचं, हे एखाद्या बापाने कसं ठरवावं? मग ते बूट वाकले आणि वडील मातीत माझ्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला असावा. मला तो कळला नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून मी ओळखलं.

गाडी आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. गाडीतल्या माणसांनी माझ्या मानेला पट्टा बांधला, पाठीखाली फळी सरकवली आणि डोकं पट्ट्यांनी आवळलं. तो पट्टा पक्का झाला असं त्यांनी दोनदा सांगितल्यावर मॅडमनी हात काढले. कानांना अचानक थंड लागलं. त्या थंडाव्याने मी इतकी घाबरले की ओरडलेच. पडल्यापासून पहिल्यांदा माझा आवाज मोठा निघाला.

पुण्याच्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. मानेचा एक मणका सरकला होता आणि मज्जारज्जूला सूज होती. सूज उतरेपर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. डोक्याला वजन लावून मला सरळ झोपवून ठेवलं. तिथलं छत मला पाठ झालं. हातांना हळूहळू कळू लागलं, पायांना नाही. नर्स येऊन पायाला टाचणी टोचायची आणि विचारायची, "इथे कळतंय?" मी डोळे मिटून शोधत राहायचे. कधी वाटायचं कळलं, पण आपल्याला हवंय म्हणून वाटतंय की काय, अशी शंका यायची, मग मी "नाही" म्हणायचे. खोटं "हो" म्हणायची मला सर्वांत जास्त भीती होती.

एका सकाळी डाव्या अंगठ्यात झिणझिण्या आल्या. मी कुणालाच सांगितलं नाही. दुपारी पुन्हा आल्या. तेव्हा आईला म्हटलं, "अंगठ्याला मुंग्या आल्यासारखं वाटतंय. खरं की खोटं, ते मला माहीत नाही." आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

पाय परत आले, पण तुकड्यातुकड्याने आणि रुसून आल्यासारखे. आधी उजवा बधिर राहिला, मग नुसता जळायचा. उभं राहायला, पाऊल टाकायला महिने लागले. वडिलांनी डॉक्टरांना एकदा विचारलं, "तेव्हा उचललं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "न उचलल्याने तोटा नक्की झाला नाही. उचलल्याने काय झालं असतं ते कोण सांगणार?" वडिलांनी मान हलवली. त्यांना याहून पक्कं उत्तर हवं होतं. मलाही.

संघातल्या मुली भेटायला आल्या, तेव्हा कप्तानाने मला हळूच सांगितलं. गाडी गेल्यावर मॅडमच्या हाताची बोटं सरळच होईनात. पाण्याचा तांब्या धरता येईना. मग त्या शाळेच्या मागे गेल्या आणि तिथे बसून ओकल्या. कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

मॅडम स्वतः आल्या त्या मी घरी आल्यावर, एका रविवारी. आईने पाणी दिलं, पण ती समोर बसली नाही. मी अजून पट्ट्यात होते. मॅडम खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, जणू त्यांनाच कुणी शिक्षा म्हणून बसवलं होतं.

"दुखतंय?"

"हो. आणि भीती वाटते. गाडी गतिरोधकावरून गेली तरी वाटते. शिंक येईल म्हणून वाटते."

"मला बी वाटती."

"तुम्हाला? तेव्हा तर तुम्ही घाबरला नव्हतात."

"लई घाबरले होते. कोपरं मातीत का रोवली होती? हात थरथरत होते म्हणून."  मग त्यांनी सांगितलं की लहानपणी त्या शेरडं राखायला जायच्या. एकदा संध्याकाळी करवंदीच्या जाळीतून बिबट्या निघाला आणि त्यांच्यापासून काठीभर अंतरावरून करडू उचलून गेला. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही. दुसऱ्या अंगाला त्यांचा भाऊ होता, त्याला काही कळलंच नाही. "अजून बी त्या वाटेनं जाताना माझं अंग गार पडतं. पण जाते. घर तितंच हाय ना."

मला वाटलं, आता पुढे काही उपदेश येईल. तो आला नाही. त्यांनी पिशवीतून घरचा तांदूळ काढून आईकडे दिला आणि त्या निघाल्या. आई दारापर्यंत गेली, पण "या" म्हणाली नाही. तिला कुणावर तरी राग काढायचा होता. वडिलांना शाळेने तक्रार करायची का, असं विचारलं होतं. त्यांनी नको म्हटलं. पण आभारही मानले नाहीत. ते पुष्कळ दिवसांनी, फोनवर, दोन वाक्यांत मानले.

दहावीच्या सुरुवातीला मी शाळेत परत गेले. पट्टा निघाला होता. खेळायचं नाही, धावायचं नाही, गर्दीत शिरायचं नाही. मला सांगायची गरजच नव्हती. एसटीत मी दोन्ही हातांनी पुढच्या सीटचा दांडा धरून, मान ताठ ठेवून बसायचे. मधल्या सुट्टीत पोरं पळत आली की भिंतीला पाठ लावायचे. शाळेच्या फाटकातून वर्गाकडे सरळ वाट मैदानावरून जायची, पण मी कुंपणाच्या कडेने लांबचा वळसा घेत असे.

त्या वळशावरून मला एक गोष्ट दिसू लागली. मैदानावर कबड्डी होत नव्हती. शाळेने ती बंद केलेली नव्हती. मुली यायच्या, मॅडम त्यांना धावायला लावायच्या, बैठका, उड्या, चढाईची पावलं, सगळं व्हायचं. पण एकमेकींना धरायची वेळ आली की मॅडम शिट्टी वाजवून थांबवायच्या. "बास. आज एवढंच." पेंढ्याचा थर कोपऱ्यात आता दुप्पट जाड झाला होता. मुली कुरकुरायच्या. कप्तान मला म्हणाली, "मॅडम पकड घेऊच देत न्हाईत गं. स्पर्धा आली तोंडावर. आमी काय नुसतं नाचायचं का तितं?"

एकदा शाळा सुटल्यावर मी वळसा घेत असताना मॅडमनी मला हाक मारली. मी कुंपणाशीच थांबले.

"आत ये."

"मॅडम, मी नाही येऊ शकत."

"खेळायला न्हाई बोलवत. बसायला बोलावतीया." त्या कुंपणापर्यंत चालत आल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "आज पोरींना पकड घ्यायला लावायची हाय. रोज ठरवते आणि रोज शिट्टी मारून थांबवते. कुणी धरलं की मला तू दिसतीस, आभाळाकडं बघत पडलेली. तू समोर बसलीस, चालती-बोलती, तर जमंल मला. एकटीला जमत न्हाई."

 इतकी वर्षं मोठ्या माणसांनी मला भिऊ नको असंच सांगितलं होतं. स्वतःच्या भीतीत माझी मदत मागणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. मी नाही म्हणणार होते. माझे पाय थंड पडले होते, आणि पाय थंड पडले की मला दुसरीच भीती वाटायची, म्हणून मी बुटात बोटं हलवून पाहिली. हलली. मग मी मैदानात गेले.

मॅडमनी मध्यरेषेच्या टोकाला खुर्ची ठेवली. मी बसले. त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, शिट्टी मुठीत. पहिली मुलगी चढाईला गेली. तिचा आवाज खणखणीत होता. कोपऱ्यातली मुलगी झेपावली आणि तिने मांडी धरली, मग मधल्या दोघी आल्या.  डोळे मिटावेसे वाटत होते, पण मी मिटले तर मॅडम शिट्टी वाजवतील, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यांची मूठ वर गेली. मी तिकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मूठ तिथेच राहिली.

चौघी पेंढ्याशिवायच्या कोरड्या मातीत आपटल्या. धूळ उडाली. त्या ढिगातून खालची मुलगी बाहेर निघेपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. ती उठली, केसांतली माती झटकली आणि म्हणाली, "मॅडम, हिनं कपडा धरला माझा."

"परत घे," मॅडम म्हणाल्या. 

त्या संध्याकाळी कितीतरी पकडी झाल्या. प्रत्येक वेळी मी खुर्चीची कड धरली आणि प्रत्येक वेळी मुली उठल्या. भीती कमी होत गेली असं म्हणता येणार नाही. शेवटच्या पकडीलाही ती पहिलीइतकीच होती. फक्त आम्ही दोघी तिच्यासोबत जागेवर थांबलो. सराव संपल्यावर मॅडम माझ्या खुर्चीशेजारी मातीत बसल्या आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या. 

"उद्या बी यशील?"

"येईन. पण भीती वाटतीये."

"मग दोघी भिऊ," त्या म्हणाल्या.

मी कबड्डी पुन्हा खेळले नाही. वर्षभर त्या खुर्चीवर बसले, पुढे गुण लिहायला लागले, मग रेषेवर उभी राहून कोण बाद, कोण नाही ते सांगायला लागले. तो संघ तालुक्यात हरला, पण नीट खेळून हरला आणि कुणाला लागलं नाही. आता मी हिंजवडीतल्या एका ऑफिसात काम करते. थंडीत मान आखडते, उजवा पाय कधीकधी जळतो. मॅडम त्याच शाळेत आहेत.

खुर्चीवर बसले त्या पहिल्या दिवशी मी उशिरा घरी पोहोचले होते. वडील दारात उभे होते. एसटी चुकली का, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. मैदानावर होते, मुली पकड घेत होत्या, मी बघत बसले होते. त्यांचा चेहरा उतरला. ते गॅलरीत गेले आणि समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. आईने ताटं वाढली. ते येऊन बसले, पहिला घास मोडला आणि विचारलं, "खुर्ची रेषेपासून किती लांब होती?"

"जवळच होती."

"उद्या थोडी लांब घे," ते म्हणाले आणि जेवू लागले.